वॉटसनला ताजमध्ये उतरवू नकोस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

शेरलॉक होम्सच्या दोस्ताची, डॉक्टर वॉटसनची, मुंबईतली तुझी गोष्ट वाचली, आणि खाली तू लिहिलेल्या चार ओळीही. कुणीतरी म्हणालं ही उसनवारी आहे, नावं बदल आणि स्वतःचं काहीतरी लिही. तर बदलू का, असं विचारतेस. नको. आणि उत्तरादाखल ‘कर्ण-सीतेवरही लिहितातच की’ असे दाखलेही काढू नकोस, ते सगळेच काढतात. होम्सचे जनक कॉनन डॉइल १९३० साली गेले, इथले हक्क कधीच संपलेत. शिवाय विल्यम जिलेट या नटाने नाटकात होम्सचं लग्न लावू का, असं विचारलं, तेव्हा खुद्द डॉइलनीच कळवलं होतं की लग्न लाव नाहीतर मारून टाक, हवं ते कर. तेव्हा परवानगीचं सोड. माझी तक्रार वेगळी आहे.

तू वॉटसनला ताजमहाल हॉटेलात उतरवलंस! अगं, तो जखमी झाला ती अफगाणिस्तानातली मैवंदची लढाई १८८० ची. तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला तो तिच्याही आधी. ताज उघडलं १९०३ साली. तू मूळ पुस्तक, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’, उघडलंस तरी का? पहिल्याच पानावर मुंबई आहे, जेमतेम एका वाक्यापुरती. उतरल्यावर कळतं की पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली, आणि तो मागे राहिलेल्या इतर अधिकाऱ्यांबरोबर कंदहारकडे निघतो. बस. इथे किती दिवस होता, कुठे राहिला, उकाड्याने हैराण झाला का, डॉइल काही बोलत नाहीत. ती जागा तुझी. पण ती कुठे सुरू होते नि कुठे संपते हे कळायला आधी मूळ वाचावं लागतं.

वाचलं असतंस तर काळा घोड्याकडे गेली असतीस. तिथे तेव्हा वॉटसन्स हॉटेल उभं होतं, लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून इथे आणून जोडलेलं. ज्याच्या नावाने ते ओळखलं जायचं त्याचं पूर्ण नाव जॉन हडसन वॉटसन. डॉक्टर वॉटसन आणि होम्सची घरमालकीण मिसेस हडसन एकाच माणसाच्या नावात! आता डॉइलनी नावं इथूनच उचलली असं ठोकून देऊ नकोस, त्याला काडीचा पुरावा नाही. पण तुझा डॉक्टर त्या दारात उभा राहून पाटीवर आपलंच आडनाव वाचू शकतो की नाही?

डॉइल स्वतः या बाबतीत गाफील होते. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्यात लागते, दुसरीत पायात. एका गोष्टीत त्याची बायको त्याला, जॉनला, चक्क जेम्स म्हणते. इतर हसून पान उलटतील. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सनी ‘जॉन एच. वॉटसन’ या नावामधला ‘एच’ पकडला आणि म्हटलं, हा हॅमिश असणार, जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायको लाडाने मधलं नाव घेत होती! बीबीसीच्या मालिकेतला वॉटसनही आता स्वतःला जॉन हॅमिश वॉटसन म्हणवतो. सेयर्सनी मुळातली एक ओळ खोडली नाही, म्हणून ते टिकलं. मूळ वाच, मूळ वाच. किती वेळा सांगू?

मी मिसेस हडसनवर लिहायचो. हसू नकोस. मेला असं वाटलेला होम्स परत येतो त्या गोष्टीत खिडकीत त्याचा मेणाचा पुतळा असतो, समोरच्या घरातून त्यावर एअरगन रोखलेली. ही बाई दर पाव तासाने गुडघ्यांवर रांगत जाऊन तो पुतळा हलवते, स्वतःची सावली पडू न देता. गोळी पुतळ्याच्या डोक्यातून आरपार जाऊन भिंतीवर चपटी होते. ती गालिच्यावरून उचलून ठेवते आणि हळहळते कशाबद्दल, तर एवढा सुंदर पुतळा खराब झाला म्हणून. तिचं पहिलं नाव काय, नवरा कोण, हे डॉइलनी कुठेच सांगितलेलं नाही. मी तिची ती एक रात्र लिहिली. दिवाळी अंकाचे एक संपादक म्हणाले, नाव बदला, बाई दादरची करा, लगेच छापतो. दादरच्या खोलीत मेणाचा होम्स कुठून आणू? नाही म्हणालो. हेकट म्हणाले. असेन. पण नाव बदललं असतं तर ते रांगणं कुणाचं उरलं असतं? आजही तेच म्हणेन. वाईट इतकंच वाटतं की त्या रागात पुढचं लिहिणंही थांबलं. तुझं थांबू नये म्हणून एवढी कटकट.

ताज काढ. बोटीवरून उतरल्या उतरल्या तो मराठी फाडफाड बोलतो, तेही काढ. धक्क्यावरच्या हमालाशी त्याची खुणांनी चाललेली घासाघीस मात्र ठेव, ती फर्मास आहे. नावांना हात लावू नकोस. नवा खर्डा पाठवशील तेव्हा मुळातलं ते मुंबईचं वाक्य वरच्या समासात उतरवून पाठव, नाहीतर वाचणार नाही.

ता. क. मैवंदला वॉटसनला घोड्यावर टाकून वाचवणारा त्याचा अर्दली मरे. डॉइलनी त्याला एका वाक्यात आणला, पुढे विसरून गेले. तो मुंबईत त्याच्यासोबत होता का, मुळात लिहिलेलं नाही. बघ.