ज्यूरीचा नकार आणि लोकमान्यांचा खटला

प्रश्न : कायदाच जुलमी वाटला, तर पुरावा असूनही ज्यूरी आरोपीला सोडू शकते, असे ऐकले. चार हुतात्मा चौकात आम्हा मित्रांचा यावरून वाद झाला. हे खरे असेल, तर लोकमान्यांना ज्यूरीने का सोडले नाही?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण ऐकलेत ते खरे आहे. मात्र हा अधिकार सहसा कोणी लिहून दिलेला नसतो. ज्यूरीला, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाला, कारणे द्यावी लागत नाहीत, निकालाबद्दल पंचांना शिक्षा होत नाही आणि सुटकेचा निकाल फिरवता येत नाही, या तीन गोष्टींतून तो निर्माण होतो. यांतली दुसरी गोष्ट सहज मिळालेली नाही. लंडनमध्ये १६७० साली रस्त्यात प्रवचन करणाऱ्या विल्यम पेन व विल्यम मीड यांना दोषी ठरवण्यास पंचांनी नकार दिला, तेव्हा त्यांना उपाशी कोंडून ठेवले गेले आणि दंडही झाला; तो न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेल यांच्या अर्जावर, निकालाबद्दल पंचांना शिक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

आपल्याकडे ज्यूरी आली, पण हे बळ पुरते आले नाही. लोकमान्यांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ पंचांपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि सात विरुद्ध दोन मतांनी दोषी असा कौल लागला. त्या काळी इंग्लंडमध्ये सर्व पंचांचे एकमत लागे. मुंबईत मात्र न्यायाधीश सहमत असल्यास सहांचे बहुमतही पुरे होते. मला या खटल्यातली सर्वांत सलणारी बाब पंचांची निवड वाटते, कारण ज्या जनतेसाठी ‘केसरी’तले ते लेख लिहिले गेले, तिला त्या नऊ जणांत जागाच नव्हती.

सत्र न्यायालयांत तर ज्यूरीशी असहमत न्यायाधीश प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत असे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खून खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी झालेली सुटका अशीच रद्द झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरली नाही.

तरीही ती परत यावी, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनातील आरोपींना केवळ गोऱ्या पंचांच्या ज्यूरीने सोडले, तेही याच बळावर.

आज कायदाच अन्यायकारक वाटत असेल, तर राज्यघटनेच्या कलम २२६ नुसार त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या तिथे बसणाऱ्या पीठाकडे, जाता येते.