ओढाओढी खेळल्याने कुत्रा डोक्यावर बसतो का?

कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला मागायला येणाऱ्यांचे काही प्रश्न ठरलेले असतात. त्यातला एक असा: "आमचा कुत्रा फडकं किंवा दोरी तोंडात धरून आपल्याकडे घेऊन येतो, ओढायला लावतो आणि ओढताना गुरगुरतो. या खेळाने कुत्रा चावरा होतो म्हणतात. आणि जिंकू दिलं तर तो स्वतःला घराचा मालक समजायला लागतो. खरं का?" उत्तर खरं तर दोन वाक्यांचं आहे. पण पुण्यातल्या एका घराची हकीकत सांगते, कारण तिथे हा खेळ बंद केल्यावरच दुखणं वाढलं. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तांबू हा दहा महिन्यांचा देशी कुत्रा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मला आणि घरच्या नऊ वर्षांच्या मुलाने हट्ट करून वर आणला. घरात आई-बाबा, मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेले आजोबा. आईचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "मॅडम, तो आता चावायला लागलाय. बाबा म्हणतात, कुठेतरी देऊन टाका." बाबा म्हणजे तिचे सासरे.

घडलं होतं ते असं. मुलगा आणि तांबू रोज संध्याकाळी एका जुन्या टॉवेलची ओढाओढी खेळायचे. एकदा मुलाच्या बोटाला दात लागला, रक्त आलं. त्या वेळी शिकवायला येणाऱ्या ट्रेनरने सांगितलं, हा खेळ आजपासून बंद, याने कुत्रे आक्रमक होतात. टॉवेल कचऱ्यात गेला. थोड्याच दिवसांत तांबू मोजे पळवू लागला. मग ओढणी, दप्तराचा पट्टा, आजोबांच्या चपला. वस्तू तोंडात धरायची, सगळ्यांकडे एक नजर टाकायची आणि दिवाणाखाली शिरायचं. घर मागे धावायचं. मुलाचे वडील त्याला मागच्या पायाला धरून बाहेर खेचायचे आणि जबडा उघडून मोजा काढून घ्यायचे. अशाच एका खेचाखेचीत त्याने त्यांच्या मनगटावर दात मारले.

फोनवर मी आधी जखमांबद्दल विचारलं. उत्तर आलं, "हळद लावली. घरचाच कुत्रा आहे, लशी झाल्यात." या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही. नुसतं खरचटलं असलं तरी जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. रेबीजची लस घ्यायची का, हे त्यांनी ठरवायचं. हळद, चुना, तिखट यांतलं काहीही लावायचं नाही. वडील आणि मुलगा दोघंही दवाखान्यात जाऊन आले, त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले.

आईच्या मोबाइलमध्ये त्या जुन्या खेळाचा एक व्हिडिओ होता. मला तो फार उपयोगी पडला. गुळगुळीत फरशी. टॉवेल फाटून फाटून जेमतेम वीतभर उरलेला. मुलगा तो डोक्याच्या वर धरून नाचवतोय, तांबू उड्या मारतोय, खाली येताना मागचे पाय घसरतायत. कुत्र्याची पकड सैल झाली की तो तोंड पुढे सरकवून नव्याने पकडतो. सगळेच कुत्रे असं करतात. इथे वीतभर कापडावर पुढे सरकायला जागाच नव्हती, पुढे होतं ते बोट. दात लागला त्या क्षणी तांबूने तोंड उघडलं, दोन पावलं मागे गेला आणि कान पाडून उभा राहिला. मी तो तुकडा घरच्यांना पुन्हा पुन्हा दाखवला. चावायचं असतं तर तो असा मागे गेला नसता.

"पण गुरगुर ऐका ना," आजोबा म्हणाले. गुरगुर होतीच, चांगली दणदणीत. तिच्यासोबत काय होतं ते बघा, असं मी सांगितलं. अंग सैल, शेपटी मोकळी हलतेय, मधेच पुढचे पाय पसरून ढुंगण वर. हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या गुरगुरण्याची ध्वनिमुद्रणं केली होती. काही ओढाओढी खेळतानाची, काही हाड राखतानाची. एखादा कुत्रा हाडाजवळ गेला की ती त्याला ऐकवायची. हाड राखतानाची गुरगुर ऐकून कुत्रे मागे हटले, खेळातली ऐकून बहुतेकांनी फारशी पर्वा केली नाही. २०१० साली हे काम प्रसिद्ध झालं. म्हणजे कुत्र्यांना दोन्हींतला फरक कळतो, गोंधळ आपला होतो.

दुसऱ्या प्रकारची गुरगुर मला तिथेच ऐकायला मिळाली. आमचं बोलणं चालू असताना तांबूने मुलाचा मोजा उचलला आणि दिवाण गाठला. मी लांबूनच वाकून पाहिलं. अंग ताठ, मान मोज्यावर झुकलेली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, आणि आवाज खालचा, एकसुरी. सगळ्यांना मी उठून स्वयंपाकघरात यायला सांगितलं. आईला म्हटलं, फ्रिज उघडा आणि पनीरचा डबा जरा वाजवा. तांबू आपण होऊन बाहेर आला, मोजा दिवाणाखालीच राहिला.

या घरातला खरा प्रश्न एवढाच होता. तोंडातली वस्तू माणसाच्या हाती गेली की ती कायमची गेली, वर पाय ओढला जातो, जबडा दुखतो, हे तांबू घरच्यांकडूनच शिकला होता. टॉवेलच्या खेळात काही नियम नव्हते हे खरं, पण वस्तू सोडायला शिकण्याची त्याची ती एकच संधी होती. ती काढून घेतल्यावर ओढायची हौस मोज्यांकडे वळली, आणि मोज्यांच्या वेळी घरचे खेळत नव्हते, चिडत होते.

आजोबांना हे पटायला वेळ लागला. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, पुरावा मागणारच. "आणि जिंकू दिलं की डोक्यावर बसतो त्याचं काय?"

ही समजूत आली कुठून ते मी त्यांना सांगितलं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास लिहिला. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या त्या लांडग्यांत वरच्या जागेसाठी भांडणं व्हायची. तिथून 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना पसरली आणि पुढे कुत्र्यांवर चिकटवली गेली. डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञांनीही आधी तीच मांडली होती; पण कॅनडातल्या एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांना अनेक उन्हाळे पाहिल्यावर त्यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-वडील आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी रोज मारामारी होत नसते. आणि कुत्रा तर लांडगाही नाही.

ओढाओढीवर थेट प्रयोगही झाला आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर घेतले. प्रत्येकाशी ओढाओढी खेळली, २० वेळा कुत्र्याला जिंकू दिलं आणि २० वेळा हरवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. जिंकल्यामुळे कुत्रे माणसावर वरचढ होऊ लागले असं दिसलं नाही. उलट खेळानंतर, हार असो की जीत, ते माणसाचं जास्त ऐकत होते. जे मुळातच फार खेळकर होते ते जिंकल्यावर 'अजून खेळ' म्हणून जास्त मागे लागले, एवढंच. माझं मत विचाराल तर या प्रयोगावरून सगळ्या कुत्र्यांबद्दल शपथ घेऊ नये. एकच जात, तीही स्वभावाने मवाळ. वस्तू राखून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला तो जसाच्या तसा लागू करू नये. म्हणूनच तांबूला मी दोरी लगेच दिली नाही.

आधी अदलाबदल. तांबूला फारसं प्रिय नसलेलं खेळणं त्याच्यापुढे टाकायचं, त्याने तोंडात घेतलं की नाकाशी पनीरचा तुकडा न्यायचा, तोंड उघडलं की तुकडा द्यायचा आणि खेळणं त्यालाच परत. हे परत देणं लोक विसरतात, आणि सगळं काम तर त्यानेच होतं. मोजा पळवला तरी मागे धावायचं नाही, खाली हात घालायचा नाही, मोजे मुळात कपाटात. आजोबांना पनीरपेक्षा बेदाणे सोयीचे वाटले होते. त्यांना घाईघाईने थांबवलं. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तांबू न ताठरता वस्तू सोडू लागल्यावर खेळ परत आणला. दोरी घरीच केली, जुन्या पोलरच्या (मऊ फ्लीस कापडाच्या) पांघरुणाच्या पट्ट्यांची जाड वेणी, अडीच-तीन फूट लांब. तोंड आणि हात यांच्यात अंतर राहायला एवढी लांबी हवीच. बाजारातली सुती दोरी मला आवडत नाही. तिचे धागे सुटतात, कुत्रा गिळतो, आणि लांब धागा आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते. आमच्या वेणीचीही टोकं तपासायची आणि उसवली की फेकून द्यायची. जुने मोजे, ओढण्या यांचं खेळणं अजिबात करायचं नाही. जुना मोजा आणि शाळेचा मोजा यांतला फरक कुत्र्याला कसा कळावा?

फरशीवर सतरंजी घातली तर तीच घसरत होती, म्हणून खाली रबरी चटई टाकली. मे महिना होता, त्यामुळे गच्चीवर ऊन पूर्ण उतरल्यावरच. जेवण झाल्या झाल्या नाही. ओढायचं ते आडवं, त्याची मान पाठीच्या रेषेत राहील असं. वर उचलायचं नाही, पुढचे पाय जमिनीवरून सुटता कामा नयेत. झटके आपण द्यायचे नाहीत. त्याला डोकं हलवून झटकायचं असेल तर खुशाल झटकू दे, आपण नुसतं धरून राहायचं. वडिलांना हे जड गेलं. त्यांना वाटायचं, जोर लावला तरच त्याला मजा येते. मग एकदा नुसतं धरून पाहिलं, तर तांबूने दुप्पट उत्साहाने ओढलं.

"घे" म्हटल्याशिवाय दोरीला तोंड नाही. थोडं ओढून झालं की "सोड" म्हणायचं आणि दोरी आपल्या मांडीला टेकवून हात गच्च थांबवायचा. समोरून ओढणं बंद झालं की दोरी निर्जीव होते, कुत्र्याला कंटाळा येतो, तोंड सैल होतं. त्याच क्षणी शाबासकी आणि पुन्हा "घे". सोडल्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा खेळ. पहिल्या दिवशी तांबू बराच वेळ लोंबकळून राहिला, शेवटी पनीर नाकाशी न्यावं लागलं. नंतर पनीरकडे तो बघेनासा झाला, त्याला दोरीच हवी असायची. स्फोटकं हुंगणाऱ्या अनेक कुत्र्यांना कामाचं बक्षीस म्हणून चेंडू किंवा अशी ओढाओढीच मिळते, ती याचसाठी.

दात कातडीला लागला तर आरडाओरडा नाही, रागावणं नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये भांडण झालं की बॅटवाला बॅट घेऊन घरी जातो, तसं दोरी घेऊन अर्धा मिनिट पाठ फिरवायची. मग पुन्हा सुरू. तीनदा झालं तर त्या दिवसाचा खेळ संपला, कुत्रा दमलेला किंवा फार चढलेला असतो. नाही तरी एक-दोन मिनिटांच्या फेऱ्या पुरतात. अधूनमधून दोरी त्याच्या तोंडात सोडून द्यायची, जिंकू द्यायचं. तांबू जिंकला की दोरी घेऊन पळत नाही, परत आणून हातात कोंबतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, पण खुर्ची जरा पुढे ओढून बसले.

मुलाला सुरुवातीला दोरी दिली नाही. दोरी वडिलांच्या हातात, "घे" आणि "सोड" म्हणायचं काम त्याचं. नियम मोडला की तो बाबांनाच दटावायचा. आता तो स्वतः खेळतो, मोठं माणूस खोलीत असेल तरच. ही अट मी त्याच्या वयाच्या कुठल्याही मुलासाठी ठेवते.

सगळं सुटलं असं मात्र नाही. मोज्यांचा प्रश्न जवळजवळ संपला, चपलांचा संपला. पण चघळायला काही दिलं की तांबू अजूनही त्यावर ताठरतो. त्याची जागा ठरवून दिली आहे, तिथे तो चघळत असताना कोणी फिरकत नाही. ते किती कमी होईल हे पुढे बघू. आणि तोंडात असं काही असताना ओढाओढी कधीच नाही.

परवा आईचा पुन्हा फोन आला, या वेळी बहिणीसाठी. "तिच्याकडे पग आहे, आणि साडेचार महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू. त्यांनाही ही दोरी करून देऊ का?" पिल्लाचे २८ दुधाचे दात त्या वयात पडायला लागलेले असतात आणि त्यांच्या जागी ४२ कायमचे यायचे असतात, हिरड्या दुखतात, म्हणून सहा-सात महिन्यांपर्यंत त्यालाच हलकेच ओढू द्यायचं, आपण ओढायचं नाही. पगला दोरी चालेल, पण चपट्या नाकामुळे त्याला धाप लवकर लागते. थंड वेळ, अगदी छोट्या फेऱ्या, आणि श्वासाचा आवाज वाढला की थांबायचं. पाठीच्या मणक्याचं दुखणं असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय नकोच. आणि दोघांना मिळून एक दोरी देऊ नका, प्रत्येकाची वेगळी करा.