आफ्रिकेतल्या दीक्षाविधींत आणि लग्नांत नाटक नेमकं कुठे असतं?

तुम्ही विचारलंय, आफ्रिकेतल्या वयात येण्याच्या आणि लग्नाच्या पारंपरिक विधींमध्ये 'नाट्य' म्हणावं असं काय असतं. आफ्रिका म्हणजे काही एकच समाज नाही, म्हणून मला ज्यांचं नाट्य सर्वांत जास्त भावतं तेवढ्यांबद्दलच लिहितो.

नायजेरियातल्या इग्बो लोकांचं लग्न घ्या. घरातली मोठी माणसं नवरीच्या हातात ताडीचा पेला देतात आणि सांगतात, तुझा नवरा शोध आणि हा त्याला दे. नवरा पाहुण्यांच्या गर्दीत कुठेतरी बसलेला असतो. ती वाट काढत निघते, तसे दोन्ही बाजूंचे पुरुष 'इकडे ये, मला दे' म्हणून तिला हाका मारतात, हात पुढे करतात. नवरा कोण हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, तरी सगळे डोळे तिच्यावर खिळलेले. तो सापडला की ती गुडघे टेकते, एक घोट घेते आणि पेला त्याला देते. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. बोलणी, देणीघेणी घरच्यांनी केलेली असली, तरी होकार तिचा, आणि तो भर मांडवात तिच्या पावलांनी दिलेला.

झांबियाच्या पश्चिम आणि वायव्य भागातल्या लुवाले, चोक्वे, लुचाझी, म्बुंडा समाजांत 8 ते 12 वर्षांच्या मुलांचा मुकांडा, म्हणजे वयात येण्याचा दीक्षाविधी, होतो. मुलं गावाबाहेरच्या तळावर राहतात. बालपण तिथे मेलं असं मानतात. सुंता होते, धैर्याची परीक्षा होते, पुरुष म्हणून, नवरा म्हणून कसं वागायचं ते शिकवतात. अखेरीस मुखवटे घातलेले माकिशी येतात आणि सारा गाव जमतो. माकिशी म्हणजे मुलांना मदत करायला परतलेले पूर्वज. त्यांतली प्वेवो ही आदर्श स्त्री, पण मुखवट्यामागे पुरुषच नाचतो. (सिएरा लिओनच्या मेंडे समाजात उलट आहे: मुलींच्या दीक्षेत काळाभोर लाकडी मुखवटा बाईच घालते.)

रंगमंचावरच्या नाटकाहून हे मला वेगळं वाटतं ते परिणामामुळे. खेळ संपल्यावर मुलगा पुन्हा मूल होत नाही, आणि प्रेक्षक त्या बदलाचे साक्षीदार असतात. म्हणूनच माकिशींना राजकीय पक्षांच्या कार्यक्रमांत नाचवतात याचं मला वाईट वाटतं. मुकांडाही पूर्वी कित्येक महिने चालायचा. आता तो शाळेच्या वेळापत्रकात बसवावा लागतो.