स्मृतिचिन्ह : भट्टीतून आलेलंच द्या

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. पुण्याच्या एका पंप कंपनीशी पाच वर्षांचा पुरवठ्याचा करार ठरलाय, पंपाची बॉडी आम्ही ओतणार. सह्यांच्या कार्यक्रमात दोन्हीकडच्या मिळून २५ जणांना स्मृतिचिन्ह द्यायचं आहे, नगाला दोन हजारांपर्यंत. ॲक्रिलिकच्या ट्रॉफ्या सगळेच देतात. मला बॉडीचीच छोटी प्रतिकृती ओतावी वाटते. हातात सहा आठवडे आहेत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मनात जे आलंय ते योग्यच आहे, फक्त प्रतिकृती बिडात (कास्ट आयर्नमध्ये) ओतू नका. मी उद्यमनगरात आधी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचे लाकडी नमुने केले, मग स्मृतिचिन्हांकडे वळलो, त्यामुळे हे हातून गेलेलं आहे. बॉडीची भिंत १२ मिलिमीटरची असेल, तर पाव मापात ती ३ मिलिमीटर होते. एवढ्या पातळ भागात बीड झटक्यात थंड होऊन पांढरं, काचेसारखं कडक बनतं. ड्रिल घसरतं, कडा अर्धवट भरतात. पितळेत जमेल, पण पॅटर्न नवा, आतल्या पोकळीचा कोअर करायचा कोअरबॉक्स नवा, आणि दोन हजारांत ते बसणार नाही.

त्यापेक्षा खरी बॉडीच कापा. आतली पोरोसिटी (बारीक छिद्रं) आणि भिंतीची जाडी बघायला सुरुवातीच्या सॅम्पलचे काप घेतलेच जातात. मशीनिंग झालेल्या दोन बॉड्या बाजूला ठेवा. एका बॉडीला सक्शन (पाणी आत) आणि डिलिव्हरी (पाणी बाहेर) असे दोन फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं असलेल्या कडा. प्रत्येकी आठ भोकं धरली, तर दोन बॉड्यांत ३२ तुकडे निघतात, प्रत्येकात बोल्टचं एक भोक. वजन साधारण चारशे ग्रॅम, हातात घेतल्यावर लोखंड म्हणून जाणवणारं. मशीनिंगची बाजू चकचकीत राहू द्या, पाठीमागची वाळूच्या साच्याची खरखर मात्र घासू नका. ती खरखर हेच तुमचं काम आहे. कापलेल्या कडेला हीट नंबर पंच करा, म्हणजे कुठल्या दिवशीच्या भट्टीचं ते रजिस्टरमध्ये सापडेल.

पावसाळ्यात आपल्याकडे घासलेलं बीड एका रात्रीत तांबूस होतं आणि बोटांचे ठसे तर हमखास उमटतात. म्हणून हातमोजे घालून पुसा, थोडं गरम करा आणि कोमट असतानाच पारदर्शक लॅकर मारा. बैठक जुन्या पॅटर्नच्या सागवानाची करा. तुमच्या पॅटर्नवाल्याकडे तुकडे पडलेले असतात. पितळी पट्टीवर करार, महिना-वर्ष आणि दोन्ही कंपन्यांची नावं एवढंच. रक्कम लिहू नका.

फ्लँजच का, तर आतल्या पाण्याच्या वाटेचा आकार ग्राहकाच्या ड्रॉइंगचा असतो. तो काप कुणाच्या टेबलावर जाणं त्यांना चालणार नाही. फ्लँजसाठीही लेखी परवानगी घ्याच.

ॲक्रिलिकची चाल अमेरिकेतली. तिथं बँकांचे मोठे व्यवहार झाले की वर्तमानपत्रात निव्वळ मजकुराची जाहिरात येते, तिला टूमस्टोन म्हणतात. तिची छोटी प्रत पारदर्शक ठोकळ्यात बसवून सगळ्यांना देतात. कागदी व्यवहाराला ते शोभतं. तरी कुणाला करायचंच असेल तर एक सांगतो. पुलाच्या एका कंत्राटदारासाठी मी ४० ठोकळे केले होते. लेसरने कापलेल्या कडा शेवटी स्पिरिटने पुसल्या, आणि सकाळी प्रत्येक कडेवर केसासारख्या भेगा. लेसरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो, स्पिरिट तो फोडतं. सगळे पुन्हा नव्याने केले, तारीख चुकली, त्या माणसाला मंचावर रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं. ते मला अजून खुपतं. आता आधी ८० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून ताण काढतो आणि साबणाच्या पाण्याने धुतो.

बांधकामवाल्यांनी २८ दिवसांच्या चाचणीत फुटलेल्या काँक्रीट क्यूबचा तुकडा वापरावा. रेझिनमध्ये घालायच्या आधी तो पूर्ण वाळवून सील करा, नाहीतर आतून बुडबुडे येतात. आणि हिशोबाचं एक : भेट दिलेल्या वस्तूवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, ते धरून बजेट बसवा.

तुमचे २५ देऊन सात तुकडे उरतात. ते ज्यांनी त्या दोन बॉड्यांचा साचा भरला, कोअर बसवला, भट्टी सांभाळली आणि फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) केलं, त्यांना द्या, त्याच कार्यक्रमात, मंचावर बोलावून. त्यांच्या पट्टीवर कंपनीच्या नावाआधी त्यांचं नाव घाला. नावं नीट देवनागरीत, आणि कोरायच्या आधी त्यांच्याकडूनच एकदा तपासून घ्या.