26 इंची एमटीबीच्या फ्रेमला कार्बनचा रिजिड फोर्क कोणता घ्यावा, आणि तो टिकतो का?

आपल्याकडे 26 इंची चाकांची, डिस्क ब्रेकची ॲल्युमिनियमची फ्रेम आहे, तिचा 100 मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग) निकामी झाला आहे आणि त्या जागी कार्बनचा रिजिड, म्हणजे न दबणारा, फोर्क बसवण्याचा आपला विचार आहे. परंतु ‘कार्बन काचेसारखा फुटतो’ असे सायकलिंग ग्रुपमधील एका अनुभवी गृहस्थांनी सांगितल्यामुळे आपण थबकला आहात, असे प्रश्नावरून दिसते. असे एक अनुभवी गृहस्थ आमच्याही ग्रुपमध्ये आहेत, आणि त्यांच्या या विधानाचा पुरावा म्हणून गेली आठ वर्षे माझेच उदाहरण दिले जात असल्यामुळे हे उत्तर लिहिणे मला भाग आहे.

माझी फ्रेम आपल्यासारखीच होती. मूळचा स्प्रिंगचा फोर्क जवळजवळ अडीच किलो वजनाचा होता आणि चढावर तो नुसता खालीवर होत असे. मी इंटरनेटवरून एक बिनब्रँडचा कार्बन फोर्क मागवला. तो साडेसहाशे ग्रॅम भरला, तेव्हा स्वयंपाकघरातील काट्यावर मी तो तीनदा ठेवून पाहिला. स्टीअररचा, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीतून (हेडट्यूबमधून) वर जाणाऱ्या फोर्कच्या नळीचा, व्यास जुळत होता, डिस्क कॅलिपरची (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाची) बैठक जुळत होती, चाकाचा हबही जुळत होता. लांबी मात्र मी पाहिली नाही. जाहिरातीत ‘26 इंची’ असे लिहिले होते, तेवढ्यावर मी विसंबलो.

तो फोर्क 410 मिलिमीटरचा होता आणि काढलेला सस्पेन्शन फोर्क 470 चा. लांबी म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस (स्टीअररच्या बुडाशी असणारी बेअरिंगची कडी) जिथे बसते तिथपर्यंतचे अंतर. दर 20 मिलिमीटरला हेडट्यूबचा कोन अंदाजे एका अंशाने बदलतो, असा हिशेब सायकलवाले वर्षानुवर्षे करत आले आहेत; म्हणजे माझी फ्रेम तीन अंशांनी ताठ झाली आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस, दोनेक सेंटिमीटर खाली गेला. सपाट रस्त्यावर मला हे जाणवले नाही, उलट सायकल चपळ झाल्याचा आनंदच झाला. पहिल्याच रविवारी पुण्यातील वेताळ टेकडीवरून पंचवटीच्या बाजूला उतरताना एका वळणावर डावे पेडल दगडाला आपटले, पुढचे चाक आडवे झाले आणि मी हँडलवरून मुरमात पडलो. कोपर सोलवटले आणि मनगट महिनाभर पट्टीत राहिले. मागून आलेल्या आमच्या त्याच अनुभवी ज्येष्ठांनी मला उठवण्याआधी सायकल उचलली, फोर्ककडे पाहिले आणि म्हणाले, “तरी मी सांगत होतो, कार्बन घेऊ नकोस.”

फोर्कला ओरखडासुद्धा आलेला नव्हता. तरीही ‘कार्बनने दगा दिला’ ही कथा त्याच संध्याकाळी तयार झाली आणि आजही नव्या सभासदांना सांगितली जाते.

तो फोर्क मी फेकला नाही. 1990 च्या दशकातील एक स्टीलची फ्रेम माझ्या मावसभावाने परदेशातून आणली होती. सस्पेन्शन सर्रास येण्यापूर्वीच्या अशा फ्रेमना चारशेच्या आसपासच्या लांबीचाच फोर्क लागतो. तिच्यात हा कार्बन फोर्क असा बसला, जणू तिच्यासाठीच बनवला होता. सात वर्षे मी ती सायकल त्याच टेकडीवर, त्याच वाटेने चालवतो आहे. एकदा ज्येष्ठांनीही ती चालवून पाहिली; उतरल्यावर ते एवढेच म्हणाले की सीट थोडी उंच आहे.

तेव्हा टेप घेऊन आधी आपला जुना फोर्क मोजा. त्याच्या नळीला एक केबल-टाय बांधा, सायकलवर अलगद बसा, उतरा आणि टाय किती सरकला ते पाहा. तेवढी लांबी एकूण लांबीतून वजा करा. 100 मिलिमीटरच्या फोर्कला हे उत्तर बहुधा 445 ते 450 च्या दरम्यान येते आणि आपल्याला तेवढ्याच लांबीचा फोर्क हवा. 26 इंची कार्बन फोर्क आता दुर्मीळ झाले आहेत, त्यामुळे 29 इंची चाकांसाठीचा फोर्कही विचारात घ्या. डिस्कच्या कॅलिपरची जागा ॲक्सलवरून ठरते, रिमवरून नाही, म्हणून ब्रेकची अडचण येत नाही. रिमला दाबणारे व्ही-ब्रेक असते तर आली असती. नायनर या सायकल कंपनीचा एक जुना 29 इंची कार्बन फोर्क 470 चा होता; तसा घेतला तर पुढची बाजू किंचित उंच होईल आणि टायरच्या वर मोकळी जागा विचित्र दिसेल, पण मला ती चूक 410 पेक्षा शंभरदा परवडते. मात्र आपली हेडट्यूब सरळ 34 मिलिमीटरची असेल, तर टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत जाणारा, स्टीअरर तिच्यात जाणारच नाही. हल्लीचे बहुतेक फोर्क टेपर्ड असल्यामुळे शोध इथेच अडतो. हब क्विक रिलीजचा (बारीक आस आणि खटक्याचा) आहे की 15 मिलिमीटर थ्रू ॲक्सलचा (आरपार जाणाऱ्या जाड आसाचा), हेही मागवण्यापूर्वी पाहा. विक्रेता लांबी सांगत नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नका, मग ब्रँड कोणताही असो.

कार्बन अजिबात बिघडत नाही असे मात्र मी म्हणत नाही. माझा फोर्क बसवणाऱ्या दुकानात मेकॅनिकने स्टीअररमध्ये सवयीने स्टार नट (धातूच्या नळीत ठोकून बसवायचा दातेरी नट) ठोकायला घेतला होता आणि मी हात धरला म्हणून तो थांबला. कार्बनच्या नळीत आतून फुगून पकडणारा एक्स्पांडर प्लगच लागतो, आणि तो स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) पकडीच्या उंचीला यावा लागतो. स्टेमचे स्क्रू टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. फोर्कवर किंवा स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. नळी कापताना बारीक दात्यांचे पाते, पाण्याचा शिडकावा आणि तोंडावर मास्क हवा. माझे वजन 64 किलो आहे आणि मी उड्या मारत नाही, हेही इथे सांगून ठेवतो. आपण दोन्ही बाबतींत वेगळे असाल, तर त्याच लांबीचा स्टीलचा फोर्क अर्धा किलो जड पडेल, पण स्वस्त आणि निर्धास्त आहे.