जीन्सची यादी नंतर, आधी पेशंट नीट समजून घे

प्रिय मुली,

तुझं प्रपोजल नीट वाचलं. आयबीडीवर, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांवर, पीएचडी करायची ठरवलीस याचा खूप आनंद झाला, आपल्याकडे त्याच्या दोन मुख्य प्रकारांचे, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, पेशंट वाढतायत आणि त्यांच्या जेनेटिक्सवर मन लावून काम करणारी माणसं अजून फार थोडी आहेत. पण पहिली चार पानं तू युरोपियन पेपर्समधल्या जीन्सच्या यादीत घालवलीयस आणि पुढे लिहिलंयस की हीच यादी पुण्या-मुंबईच्या पेशंटमध्ये तपासून प्रत्येकाचा रिस्क स्कोअर काढणार. तिथे तुला थांबवावंसं वाटलं, कारण त्या वाटेने गेलीस तर तिसऱ्या वर्षी हातात मोठी एक्सेल शीट असेल आणि सांगण्यासारखं फारसं काही नसेल.

नॉड-टू या जीनचंच घे, तुझ्या यादीत तो सगळ्यात वर आहे. १९९६ साली पॅरिसमधल्या जाँ-पिएर ह्यूगो यांच्या गटाने क्रोन्स असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून सोळाव्या क्रोमोसोमवरची एक जागा पकडली, आणि २००१ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतल्या एका गटाने वेगवेगळ्या वाटांनी तिथला नेमका जीन गाठला, दोन्ही पेपर 'नेचर'मध्ये शेजारी-शेजारी छापून आले. या जीनपासून बनणारं प्रोटीन पेशीच्या आत बसून बॅक्टेरियाच्या भिंतीचा एक छोटा तुकडा ओळखतं, म्युरामिल डायपेप्टाइड म्हणतात त्याला. क्रोन्समध्ये दिसणाऱ्या व्हेरिएंट्समुळे, म्हणजे जीनमधल्या छोट्या बदलांमुळे, ही ओळखच कमी पडते. यावर जरा थांबून विचार कर, कारण आपण सगळीकडे ऐकतो की इम्युनिटी जास्त भडकली म्हणून आजार झाला, पण इथे सुरुवातीला काहीतरी अपुरं पडतंय आणि भडका नंतरचा आहे. या जीनच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तीन व्हेरिएंट जास्त माहितीतले, एक प्रत बिघडलेली असली तर धोका साधारण दोन ते चार पट, दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर त्याहून खूपच जास्त, आणि तरीही दोन्ही प्रती असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर क्रोन्स होत नाही.

आता महत्त्वाचं. हे तीन व्हेरिएंट जपान, चीन, कोरियात मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि भारतीय पेशंटमध्येही फार दुर्मिळ आहेत. तू दोनशे पेशंट गोळा करून तेच तीन तपासणार असशील तर बहुतेक रकाने शून्यच येणार.

म्हणून जीवास (GWAS, म्हणजे हजारो लोकांचे जीन्स तपासून आजाराशी जुळणाऱ्या जागा शोधणारे अभ्यास) वाचताना आधी हे बघ की लोक कुठले होते. २०१५ चा तो मोठा एकत्रित अभ्यास आठव, ज्याने जागांचा आकडा दोनशेवर नेला, त्यात युरोपियन वंशाचे ८६,६४० लोक होते आणि पूर्व आशिया, भारत, इराण सगळे मिळून ९,८४६. त्यातून दिसलं की बहुतेक जागा सगळीकडे सारख्याच दिशेने काम करतात, पण नॉड-टूसारख्या ठिकाणी व्हेरिएंट किती लोकांत आहे हेच वेगळं, आणि टीएनएफएसएफ-१५ या दुसऱ्या जीनसारख्या ठिकाणी परिणामाचा जोरच वेगळा. म्हणजे आजाराची यंत्रणा बरीचशी सामायिक आहे पण युरोपात मोजलेला स्कोअर जसाच्या तसा इथे चालणार नाही. आपल्याकडचंही काम आहे, दिल्ली युनिव्हर्सिटी आणि लुधियानाच्या डॉक्टरांनी मिळून उत्तर भारतीय अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या पेशंटवर जीवास केला, तोही २०१५ च्या 'गट' (Gut) जर्नलमध्ये आहे, आणि तुझ्या संदर्भांत तो नाहीच! आधी तो वाच.

दुसरी गोष्ट टीबी. युरोपातल्या पेपरमध्ये 'क्रोन्स पेशंट' असं एका ओळीत लिहून पुढे जाता येतं, आपल्याकडे नाही जाता येत. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथेच आतड्याचा टीबी बसतो आणि तिथेच क्रोन्सही, स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, दोन्ही सारखे दिसू शकतात, बायोप्सीतही कितीदा निकाल लागत नाही, मग पेशंटला काही महिने एकेटी (टीबीची औषधं) देऊन पुन्हा स्कोपी करून अल्सर भरलेत का ते बघावं लागतं. तुझ्या दोनशेत तीस जण खरे टीबीचे असले तर कितीही भारी सिक्वेन्सिंग केलंस तरी सिग्नल पुसट होणार. आणि हा नुसता डायग्नोसिसचा त्रास नाहीये, यात जेनेटिक्सचाही धागा आहे: २००९ मध्ये चीनमध्ये कुष्ठरोगाचा जीवास झाला त्यात नॉड-टू वर आला, टीएनएफएसएफ-१५ पण. टीबी आणि कुष्ठरोगाचे जंतू ज्या कुळातले, त्या मायकोबॅक्टेरियाशी लढणारी यंत्रणा आणि क्रोन्सची यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या दोन यंत्रणांचा संबंध नेमका काय, हा प्रश्न विचारायला टीबी आणि कुष्ठरोग दोन्ही बघितलेल्या आपल्या देशापेक्षा योग्य जागा कुठली? मला तुझ्या प्रपोजलमध्ये हा प्रश्न हवाय.

तू विचारलंयस की जीन्स शोधून पेशंटला काय मिळतं. आयएल-२३ रिसेप्टरचं उदाहरण लक्षात ठेव, आयएल-२३ हा सूज वाढवणारा निरोप आहे आणि तो पेशीवर पकडतो तो हा रिसेप्टर. २००६ मध्ये त्या जीनमधला एक दुर्मिळ बदल सापडला, तो असलेल्यांना आजार कमी होतो. म्हणजे निसर्गानेच दाखवलं की हा मार्ग थोडा मंद केला तर फायदा आहे. आज उस्टेकिनुमॅब, रिसँकिझुमॅब ही इंजेक्शनं त्याच मार्गावर काम करतात.

पण इथल्या पेशंटसाठी आत्ता, या घडीला सगळ्यात कामाचा जीन तुझ्या यादीतच नाहीये, कारण तो आजाराचा धोका वाढवत नाही. एनयूडीटी-१५. अझाथायोप्रिन ही इम्युनिटी दाबणारी स्वस्त गोळी आहे, आपल्याकडे खूप पेशंट वर्षानुवर्षं तिच्यावर असतात. काहींना ती सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात, केस पुंजक्याने गळतात. पाश्चात्त्य देशांत यासाठी टीपीएमटी नावाचा जीन तपासायचे, पण आशियाई पेशंटमध्ये तेवढ्याने उलगडा होत नव्हता. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एनयूडीटी-१५ मधला बदल दाखवला आणि तो पूर्व आशियाप्रमाणे आपल्याकडेही बऱ्यापैकी आढळतो, साधारण दहात एखाद्याकडे तरी एक प्रत असते. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर नेहमीचा डोस जीवावर बेतू शकतो. ही टेस्ट आधी केली तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. एका टेस्टने कुणाची आयसीयूची वारी टळते, जेनेटिक्सचा याहून थेट उपयोग मला तरी माहीत नाही. महाराष्ट्रातल्या पेशंटचा या जीनचा नीट डेटा गोळा केलास तरी मी म्हणेन पीएचडी सार्थकी लागली.

ओपीडीत बसशील तेव्हा लोक विचारतीलच, माझ्या मुलांना होईल का. तेव्हा जीन्सचे आकडे तोंडावर फेकू नकोस. खरं ते शांतपणे सांग, की घरात असलं की शक्यता थोडी वाढते पण अशा आईवडिलांच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाला असला तरी दुसरं कितीदा ठणठणीत असतं, आणि लेस्टरला स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांत अल्सरेटिव्ह कोलायटिस तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसला होता, एवढ्या थोड्या काळात जीन्स तर बदलले नव्हते, म्हणजे राहणीमान आणि वातावरणाचाही हात आहे. २०१२ च्या हिशोबात १६३ जागा मिळूनही क्रोन्सच्या धोक्यातला १३.६ टक्के आणि कोलायटिसमधला ७.५ टक्केच फरक समजावता आला होता. अपवाद एकच, सहा वर्षांखालचं मूल असेल, त्यातही तान्हं असेल, तर लगेच सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जीन्स अक्षर-अक्षर वाचण्याचा, विचार करायला सांग. आयएल-१० या सूज शांत करणाऱ्या निरोपाच्या रिसेप्टरमधला दोष २००९ मध्ये अशाच मुलांत सापडला, तिथे एकच जीन आजार घडवतो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटने मूल बरं होऊ शकतं.

तर आता असं कर. यादीची चार पानं अर्ध्या पानावर आण. त्या जागी लिही की पेशंट कसे निवडणार, टीबी कसा वगळणार, आजार कुठल्या वयात सुरू झाला, आतड्याचा कुठला भाग, फिस्टुला (आतड्यातून निघालेली वेगळी वाट) किंवा स्ट्रिक्चर (आतडं अरुंद होणं) आहे का, हे कोण आणि कसं नोंदवणार. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना गाइड म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत घे, नंतर सही घ्यायला जाऊ नकोस. एथिक्स कमिटीचा फॉर्म मराठीत आधी तू स्वतः लिही, मग मला पाठव, पेशंटला काय कळेल काय नाही ते आपण एकत्र बसून बघू.

तुझी,
मॅडम