व्ह्यूला फिल्टर लावला तरी सभासदासमोरची बेरीज का बदलत नाही?

तुमचा प्रश्न असा: निपाणीजवळच्या दूध संस्थेचा हिशोब एअरटेबल या ऑनलाइन तक्त्यांच्या ॲपमध्ये आहे, 'सभासद' आणि 'दूध नोंद' ही दोन टेबलं आहेत, नोंदींना चालू पंधरवड्याचा फिल्टर लावलाय, तरी सभासदासमोर पहिल्या दिवसापासूनची बेरीज दिसते. मी खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेचं हेच काम बघतो आणि याच जागी अडकलो होतो.

व्ह्यू म्हणजे टेबल बघायची एक मांडणी, तिचा फिल्टर डोळ्यांपुरता असतो. नोंदी दिसत नाहीत, पण सभासदाशी जोडलेल्याच राहतात, आणि रोलअप (जोडलेल्या नोंदींचे आकडे एकत्र करणारा रकाना, म्हणजे फील्ड) जोडलेल्या सगळ्या नोंदी धरतो. म्हणून अट रोलअपलाच घालायची. 'सभासद' टेबलात रोलअप फील्ड घ्या, 'दूध नोंद' निवडा, त्यातली 'रक्कम' निवडा. तिथंच 'ओन्ली इन्क्लूड लिंक्ड रेकॉर्ड्स' असं सुरू होणारं बटण आहे, ते चालू करून अट द्या आणि सूत्रात सम, म्हणजे बेरीज, ठेवा. नोंदी असूनही बेरीज शून्य आली तर 'रक्कम' हे फील्ड बहुधा टेक्स्ट म्हणून आलेलं असतं, ते नंबर करून घ्या.

अट कोणती द्यायची, इथं मात्र घाई करू नका. मी आधी 'गेले १५ दिवस' अशी दिली होती. ही अट रोज पुढं सरकते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बिलं काढली १६ तारखेला आणि वाटप झालं १८ ला संध्याकाळी. मी स्क्रीनवरचा आकडा वाचून पैसे देत होतो. एक मावशी कार्ड घेऊन खिडकीशी आल्या. कार्डावर सकाळ-संध्याकाळचे दोन रकाने, प्रत्येक दिवसाचं लिटर आणि फॅट निळ्या पेनानं लिहिलेलं. "बाळ, एक-दोन तारखेचं दूध कुठं गेलं? माझ्या कार्डावर हाय की." त्यांची म्हैस आटत आली होती. पहिल्या दोन दिवसांचं जास्तीचं दूध बेरजेतून गळलं होतं आणि नंतरच्या दोन दिवसांचं थोडं दूध आत आलं होतं. दोघांनी बसून कार्डाची बेरीज केली. त्यांचंच बरोबर होतं. कमी पडलेले पैसे तिथंच दिले, बाकीच्यांची बिलंही रात्री परत तपासली. ज्यांचं घर त्या बिलावर चालतं, त्यांच्या पैशात अशी चूक होऊन चालत नाही.

तेव्हापासून मी 'बिल' हे तिसरं टेबल ठेवतो. एका सभासदाची एका पंधरवड्याला एक ओळ, आणि दुधाची प्रत्येक नोंद त्या ओळीला जोडायची. मग तारखेची अटच लागत नाही, जुनं बिल जागचं हलत नाही. अटीचा रोलअप खरा उपयोगी पडतो तो कपातीला. पेंड, उचल, औषध हे सगळं 'कपात' टेबलात प्रकार लिहून टाकतो आणि बिलावर प्रत्येक प्रकाराचा वेगळा रोलअप घेतो: प्रकार 'पेंड' असेल तेवढंच, प्रकार 'उचल' असेल तेवढंच. सभासदाला कुठल्या पैशाला कात्री लागली ते कागदावर समोर दिसतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एकाच माणसाचं नाव एका वहीत कन्नडमध्ये, दुसऱ्या वहीत मराठीत आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजीत असतं. लिंकच्या रकान्यात नाव पेस्ट केलं आणि ते जुळलं नाही, तर एअरटेबल गुपचूप नवा सभासद तयार करतं. मग एका माणसाची बेरीज दोन-तीन ठिकाणी फुटते. म्हणून पहिल्या रकान्यात सभासद क्रमांक ठेवा आणि नावं शेजारी हव्या त्या लिपीत लिहा.

पैशांचा मेळ बसत नसेल तर नोंदीतलं सूत्र बघा. लिटर गुणिले दर केल्यावर दोनच दशांश दिसतात, पण बेरीज आतल्या पूर्ण आकड्यांची होते. प्रत्येक नोंदीतच राउंड वापरून दोन दशांशांवर आणा.

फुकट प्लॅनवर असाल तर एका बेसमध्ये, म्हणजे सगळी टेबलं मिळून, १,००० रेकॉर्डच (ओळीच) बसतात. ३० सभासद, दोन वेळचं दूध, १५ दिवस म्हणजे ९०० नोंदी. सभासद आणि बिलांच्या ओळी धरल्या की पहिल्याच पंधरवड्यात जागा जवळजवळ संपते. सकाळ-संध्याकाळ एकाच ओळीत दोन रकान्यांत घेतलं तर निम्म्यात भागतं. जुन्या नोंदी काढणार असाल तर आधी त्यांची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून ठेवा आणि बिलावर 'दिलेली रक्कम' नावाचं साधं नंबर फील्ड करून रोलअपचा आकडा त्यात चिकटवा. नोंदी पुसल्या की रोलअप शून्यावर येतो, तिथं मात्र दिलेला आकडा राहतो.